सीरीची भिंत, कार्लोची आई

स्टॉकहोमच्या भुयारी रेल्वेतलं ओस्टरमाल्मस्तोर्य स्थानक 1965 च्या मे महिन्यात सुरू झालं. रुळांपलीकडच्या त्याच्या भिंतींवर सीरी देर्केर्त या स्वीडिश कलावतीचं कोरीवकाम आहे. स्थानक उघडलं तेव्हा तिचं वय 76 होतं. मी याच शहरात राहते, काँक्रीटच्या बांधकामांची तपासणी करते. त्यामुळे या भिंतींशी माझी ओळख आधी कामातून झाली, जीव नंतर जडला. माझी मावशी शिल्पकार आहे. माती, प्लास्टर आणि ब्राँझ यांत तिची हयात गेली, कोल्हापुरात तिने कितीतरी मुलांना शिकवलं. ती माझ्याकडे राहायला आली, तिने या भिंती पाहिल्या आणि त्यांवरून आमचा जो वाद झाला तो इथे मांडते आहे. एवढंच आधी सांगते, की मावशीला सीरीचं आयुष्य पटतं, काम पटत नाही. माझं नेमकं उलट आहे.

मावशी : आधी मला सांग, हिला शिल्पकार कोण म्हणतं? मला तिथे रेघोट्या दिसल्या. चेहरे, हात, अक्षरं, मध्येच गाण्याचं नोटेशन. शिल्पाभोवती फिरता आलं पाहिजे. पाठ कशी आहे, मान कुठून वळली, वजन कुठल्या पायावर आहे, हे दिसलं पाहिजे. इथे मध्ये रूळ, आणि गाडी आली की सगळंच झाकलं जातं.

मी : रेघा आहेत हे खरं, पण त्या वरून काढलेल्या नाहीत. ते काँक्रीटच वेगळं आहे. आपण नेहमी सिमेंट, वाळू, खडी, पाणी कालवून मिश्रण ओततो. इथे आधी शटरिंगमध्ये नुसती कोरडी खडी ठासून भरतात आणि मग तिच्या फटींमध्ये पातळ मॉर्टर सोडतात. म्हणजे खडीला खडी लागून बसलेली असते. भिंत घट्ट झाली, की दाबाखाली वाळूचा मारा करायचा. वरची सिमेंटची साय उडते आणि आतली खडी उघडी पडते. फिकट पृष्ठभागावर गडद रेघ दिसते ती अशी. दोन्हीकडे काँक्रीट एकच आहे. नॉर्वेत एरलिंग विक्श्यो नावाच्या वास्तुकाराने आणि त्याच्या इंजिनियर सहकाऱ्याने ही पद्धत बसवली. ऑस्लोच्या सरकारी इमारतींवर पिकासोची चित्रं याच पद्धतीने उतरवली आहेत.

मावशी : म्हणजे आतलं बाहेर काढायचं.

मी : हो. आणि एकदा उडालं ते परत बसवता येत नाही. तुझ्या मातीत चुकलं तर पुन्हा थापता येतं.

मावशी : तेवढं मानलं. दगडाचं काम तसंच असतं, हात चुकला की गेलं. पण खोली किती? नखाएवढी. उठावशिल्पातसुद्धा निदान सावली पडायला हवी. सावली नाही तिथे शिल्प नाही, हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना सांगत आले, आणि आता एका स्वीडिश बाईसाठी बदलणार नाही.

मी : नको बदलूस. पण तिथल्या दिव्यांखाली नीट पाहिलंस तर प्रत्येक उघड्या खड्याला स्वतःची बारीक सावली आहे. दुरून रेघ दिसते, जवळून ते हजारो कंगोरे असतात.

मावशी : जवळून बघायला मिळतं कुठे? आणि रेघेचं म्हणशील, तर ती मला आळशी वाटली. चेहरे पोराटोरांनी गिरवल्यासारखे. बाई शिकलेली होती ना?

मी : चांगली शिकलेली. जन्म 1888 चा, स्टॉकहोममधलाच. 1911 ते 1913 रॉयल अकादमीत होती. तिथून पॅरिस. सोबत निन्नान सांतेसॉन, ही मैत्रीण पुढे शिल्पकार झाली आणि जर्मनीतून आधीच परागंदा झालेला नाटककार ब्रेख्त 1939 मध्ये इथे आला तेव्हा तिच्याच घरी राहिला. पॅरिसमध्ये सीरी क्युबिझमकडे वळली. त्या काळातली तिची चित्रं बघ, एकेक पैलू मोजून बसवलेला. हात बसलेला होता. भिंतीवरची ढिली रेघ तिने पन्नास वर्षांनी मुद्दाम निवडली.

मावशी : मुद्दाम केलेली ढिलाई आणि हाताची ढिलाई बघणाऱ्याला सारखीच दिसते. लिडिंग्योला मला तूच शिल्पकार कार्ल मिलेसच्या बागेत नेलंस ना? ती ब्राँझ माणसं उंच खांबांवर, पाण्यावर, आभाळात. एका पायाच्या बोटावर अख्खं शरीर तोललेलं. ते बघून आल्यावर ही भिंत मला फार गरीब वाटली.

मी : सीरीसुद्धा लिडिंग्योलाच राहिली, तिथेच 1973 मध्ये वारली. एकाच बेटावर दोघं. पण मिलेसची माणसं बघायला मान वर करावी लागते. सीरीची माणसं गाडीच्या खिडकीच्या उंचीला आहेत, कामावर जाणाऱ्या बाईच्या डोळ्यांसमोर.

मावशी : हे मात्र मी ऐकून घेणार नाही. उंचावर ठेवलं म्हणजे बघणाऱ्याला खाली ढकललं, हा हिशेब चुकीचा आहे. आकृतीमागे आभाळ हवं, म्हणून तो उंच जातो. तो तोलाचा प्रश्न आहे, माणसं लहान-मोठी करण्याचा नव्हे. तुम्ही लोक प्रत्येक गोष्टीतून राजकारण काढता. आणि मिलेसचीच बहीण रुत मिलेस होती ना, शिल्पकार? तिने छोट्या छोट्या ब्राँझ मूर्ती केल्या, बायका, पोरं. तिला ना उंच खांब मिळाला, ना स्टेशनची भिंत. तिच्याबद्दल बोललीस तर मी ऐकेन.

मी : रुतचं मला मान्य आहे, आणि आभाळाचंही. पण राजकारण मी काढलं नाही, सीरीनेच भिंतीवर ठेवलंय. शांतता, बायकांची चळवळ, निसर्ग, हे तीन विषय तिने उघड घेतले. साफो, व्हर्जिनिया वुल्फ, सिमोन द बोव्हार यांची नावं आहेत. आणि तू म्हणालीस ते नोटेशन मार्सेयेझ आणि इंटरनॅशनल या क्रांतिगीतांचं आहे.

मावशी : मग ती भिंतीवरची घोषणा झाली. घोषणा वाचून होते, शिल्प वाचून होत नाही. उद्या ते विषय शिळे झाले, की भिंतही शिळी.

मी : भिंत कुठे आहे ते बघ ना. ते स्थानक बांधलं तेव्हाच अणुहल्ल्यात आसरा घेता यावा असं बांधलं. जाड काँक्रीट, खोल जमिनीत. आणि त्याच सुमाराला स्वीडनने स्वतःचा अणुबाँब करावा की नाही यावर या देशात रण माजलं होतं. लष्करातले बडे लोक हवा म्हणत होते, बायकांच्या संघटना नको म्हणत होत्या. शेवटी 1968 मध्ये स्वीडनने अण्वस्त्रबंदीच्या करारावर सही केली. सीरी या लढ्यात ‘नको’च्या बाजूने होती. बाँब पडला तर लोक ज्या भिंतींच्या आड लपणार, त्याच भिंतींवर तिने शांतता कोरली. काँक्रीट ज्या भीतीसाठी ओतलं, त्याच काँक्रीटच्या पोटातून.

मावशी : (थोडं थांबून) हे तू मला स्टेशनवर सांगितलं नाहीस.

मी : गाडी आली.

मावशी : तरी माझी शंका उरतेच. हे जे अंगावर येतं ते जागेमुळे येतं. जागा काढली तर? ब्राँझ कुठेही ने, ते ब्राँझच राहतं.

मी : जागा पटकावणं हेही तिचंच काम होतं. भुयारी रेल्वेत कला हवी म्हणून 1950 च्या दशकात ज्यांनी धोशा लावला त्यांत व्हेरा निल्सॉन आणि सीरी पुढे होत्या. दोघी साठीच्या पुढच्या. व्हेराचा लहान मुलाचा आणि शांततेचा खांब, सीरीचा बायकांचा खांब, दोन्ही टी-सेंट्रालेन या मध्यवर्ती स्थानकात आहेत. आज या रेल्वेतल्या बहुतेक स्थानकांत काही ना काही कलाकृती आहे. त्याची पहिली पायरी या दोघींनी घातली. आणि जागा काढली तर काय होतं तेही सांगते. ऑस्लोमधली पिकासोची भिंत असलेली एक इमारत 2020 मध्ये लोकांचा एवढा विरोध असताना पाडली. भिंत कापून बाजूला ठेवावी लागली. मी त्याचे फोटो बघितले तेव्हा मला रडू आलं, कारण काँक्रीट कापताना काय काय तुटतं ते मला ठाऊक आहे.

मावशी : बरं. आता रेघेकडे परत ये. ती मुद्दाम ढिली केली म्हणतेस. कुठून आली ती रेघ?

मी : दोन ठिकाणांहून, असं मला वाटतं. पहिलं ठिकाण कपड्यांचं. 1917 पासून चारेक वर्षं तिने स्टॉकहोमच्या बिरगिट्टास्कूलान या कपड्यांच्या पेढीसाठी फॅशनची चित्रं काढली, पोशाख आखले. पोटासाठी. त्या कागदांवर कापड अंगावरून कसं घरंगळतं ते एका दमात काढलेल्या रेघेत आहे. दुसरं ठिकाण फोगेलस्टाड.

मावशी : ती बायकांची शाळा.

मी : हो. स्वीडनमध्ये बायकांनी पहिल्यांदा संसदेसाठी मतदान केलं ते 1921 मध्ये. पाच बाया निवडून आल्या. त्यांतल्या दोघी, एलिसाबेथ तम आणि शेश्टिन हेसेलग्रेन. तम जमीनदारीण, फोगेलस्टाड तिची जहागीर. या दोघी, डॉक्टर आदा निल्सॉन, लेखिका एलिन वेग्नर आणि शिक्षिका होनोरीन हेर्मेलीन, अशा पाचजणींनी 1925 मध्ये तिथे नागरिकांची शाळा काढली. मत तर मिळालं, आता ते वापरायचं कसं, हे शिकवायला. मोलकरणी, गिरणी कामगार, मास्तरणी, शेतकरणी, सगळ्या एकत्र राहायच्या. त्यांनी कोमतेमोत्ता नावाचं एक खोटं गाव कल्पनेत वसवलं होतं. त्या गावाची सभा भरवायची, कुणी अध्यक्ष, कुणी विरोधक, अर्थसंकल्पावरून भांडायचं. जन्मात कधी चार माणसांत तोंड न उघडलेल्या बाया तिथे उभ्या राहून बोलायला शिकल्या. सीरी 1940 च्या दशकात तिथे गेली, पन्नाशी उलटल्यावर. आणि ऐकता ऐकता चित्रं काढत राहिली. बोलणाऱ्या बायका, ऐकणाऱ्या बायका, हनुवटीवर हात, वर झालेलं बोट. बोलणारा माणूस पोझ देत नाही, तो हलतो. म्हणून रेघ पळती ठेवावी लागते. भिंतीवरचे ते चेहरे बघ, सगळ्या कुणाशी तरी बोलतायत.

मावशी : हे पटतं. पळत्या माणसाचं मातीकाम करणं सर्वांत अवघड, मला विचार. तू निसर्गाचंही म्हणालीस.

मी : तेही तिथूनच. एलिन वेग्नरने 1941 मध्ये ‘वेकार्क्लोका’ नावाचं पुस्तक लिहिलं. युद्ध, बायकांचं दबलेपण आणि जमिनीची लूट, तिन्ही एकाच मुळाची फळं आहेत असं तिचं म्हणणं. तेव्हा फार थोड्यांनी मनावर घेतलं. सीरीने घेतलं. म्हणून भिंतीवर हे तीन विषय वेगवेगळे नाहीत.

मावशी : आता मला जे विचारायचं आहे ते विचारते. एवढं सगळं तुला पाठ आहे, बाईवर तुझा एवढा जीव आहे, आणि तरी तिच्या आयुष्याचा विषय निघाला की तू गप्प होतेस. का?

मी : कार्लोमुळे.

मावशी : मुलगा.

मी : पॅरिसमध्ये तिची गाठ वाल्ले रोसेनबर्गशी पडली. फिनलंडचा चित्रकार. युद्ध पेटलं, दोघं इटलीला गेली आणि 1915 मध्ये नेपल्सला कार्लो झाला. लग्न झालेलं नव्हतं. पुढच्या वर्षी ती स्वीडनला परतली. पोर इटलीतच, सांभाळायला दिलेलं. वाल्ले तिथेच अडकला आणि 1919 मध्ये क्षयाने गेला. मग सीरीला बर्टिल लीबेकपासून दोन मुली झाल्या, लीव आणि सारा. 1921 मध्ये त्याच्याशी लग्न, 1925 मध्ये घटस्फोट. मावशी, मी या भिंतीसमोर रोज उभी राहते आणि मला वाटतं, माणुसकीबद्दल एवढं कोरणारी ही बाई आपल्या तान्ह्या पोराला परक्या देशात ठेवून आली.

मावशी : त्या वेळी तिच्याकडे पैसे होते?

मी : नव्हते.

मावशी : नवरा?

मी : नवरा नाही म्हटलं ना. आणि फिनलंड तेव्हा रशियाच्या झारच्या ताब्यात, म्हणजे वाल्लेचे कागद रशियन. युद्धात हलायची चोरी.

मावशी : घरी सांगायची सोय?

मी : 1916 मध्ये? चांगल्या व्यापारी घरातली मुलगी, बिनलग्नाचं मूल घेऊन?

मावशी : मग ती काय करणार होती ते मला सांग. फॅशनची चित्रं काढायला ती याच वेळी लागली, हे तूच आत्ता म्हणालीस. पोटासाठी म्हणालीस. कुणाच्या पोटासाठी? मूल टाकणं वेगळं आणि मूल सोपवून कमवायला जाणं वेगळं. आपल्याकडे आजही बाया पोरं गावी सासूजवळ ठेवून शहरात धुणीभांडी करतात. त्यांना कुणी विचारत नाही तुझी माणुसकी कुठे गेली म्हणून. ही चित्रकार, म्हणून तुला वाटतं तिने कलेपायी सोडलं.

मी : पोराच्या बाजूने बघितलं तर काय फरक पडतो? आई नाही ती नाहीच.

मावशी : पोराला फरक पडत नाही, कबूल. म्हणून त्याचा राग त्याला शोभतो. तुला नाही शोभत.

मी : मी माझ्या मुलाच्या, दीपूच्या वेळी वर्षभर घरी होते. मग सहा महिने त्याचा बाबा. मला माहीत आहे त्या वयात काय जातं ते.

मावशी : पगार मिळत होता घरी बसून?

मी : बहुतेक सगळा. तो कायदा 1974 चा. आईबापांपैकी कुणीही रजा घ्यावी असं करणारा स्वीडन पहिला देश.

मावशी : आणि ही गेली कधी?

मी : 1973.

मावशी : बघ म्हणजे. हिच्यासारख्या बायांनी आणि त्या फोगेलस्टाडच्या पाचजणींनी भांडून ज्या गोष्टीची वाट केली, ती हिला एका वर्षाने चुकली. आणि तू त्या रजेवर बसून तिच्यावर रागावतेस.

मी : रागावत नाही. सलतं. ज्या बाईने नेपल्सच्या त्या पोराला न्हाऊमाखू घातलं, तिची ओळख सीरीच्या गोष्टीत एका वाक्याची असते. मला ती बाई आठवते.

मावशी : तिला आठव, ते बरोबर आहे. तिच्यासाठी सीरीला कमी करायची गरज नाही. मला दुसऱ्याच गोष्टीचा संताप येतो. तू मला जो लेख वाचून दाखवलास, त्यात काय होतं? दुःखातून कला फुलली, म्हातारपणी बहर आला. बहर कसला? लीव 1938 मध्ये गेली, पोर विशीच्या आसपासची. त्याच्याआधी आणि नंतरही ही बाई काम करतच होती ना?

मी : करत होती. मुलांची चित्रं किती काढली. करड्या, मातकट रंगांतली, डोळे खोल गेलेली मुलं. गोड एकही नाही. पुढे कापडाचे तुकडे, पत्रा, लोखंड, जे हाती लागेल ते जोडून कामं केली. आइसलंडला जाऊन तिथली माणसं काढली.

मावशी : मग म्हातारपणी बहर नाही आला, म्हातारपणी लोकांना दिसलं. झाड तेच, बघणारे उशिरा आले. मोडर्ना म्युझेएटमध्ये तिचं प्रदर्शन कधी?

मी : 1960. सत्तरी ओलांडली होती. त्या संग्रहालयात एकट्या स्वीडिश बाईचं ते पहिलं प्रदर्शन. 1962 ला व्हेनिसच्या बिएनालेत स्वीडनतर्फे. स्वेरे फेनने बांधलेलं नॉर्डिक देशांचं नवं दालन त्याच वर्षी उघडलं होतं. नंतर 1969 मध्ये शहराच्या मध्यभागी स्वीडन हाउसवर धातूची मोठी भिंत.

मावशी : आणि कार्लो?

मी : तू विचारशील हे मला माहीत होतं. तो स्वीडनला आला, कलेचा इतिहास शिकला आणि त्याच मोडर्ना म्युझेएटमध्ये कामाला लागला. लोकांना चित्रं दाखवण्यात त्याचा हात धरणारा या देशात कुणी नव्हता म्हणतात. लहान मुलांसाठी संग्रहालयाची दारं उघडली ती त्याने. मुलांबरोबर जमिनीवर बसून तो चित्रांबद्दल बोलायचा.

मावशी : मग?

मी : लोक ही गोष्ट सांगतात आणि पुढे म्हणतात, शेवट गोड झाला. मला ते नको आहे. तो चांगला निघाला म्हणून पहिली वर्षं भरून निघत नाहीत.

मावशी : नाही निघत. पण मुलांसाठी जागा करायला तोच बसला, हे मी विसरायचं नाही म्हणते. त्याने आईचं नाव टाकलं नाही. देर्केर्त हे तिच्याच माहेरचं नाव ना? आयुष्यभर तेच लावलं. यावर तू काही बोलणार आहेस?

मी : नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मावशी : मग आता माझं कामाबद्दलचं ऐक. बंकरचं सांगितलंस, फोगेलस्टाडचं सांगितलंस, माझं मत थोडं हललंय. पण मी सगळं डोळ्यांनी बघितलं, आणि सावलीचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. तो दुसरा खांब म्हणतेस, टी-सेंट्रालेनचा, त्यात कोण आहे?

मी : स्वीडनमधल्या बायकांच्या चळवळीतल्या आघाडीच्या बाया. 1958 चा आहे, ओस्टरमाल्मच्या आधीचा. बहुतेक लोक बाजूने घाईत निघून जातात.

मावशी : त्याला सगळ्या बाजू आहेत, आणि मध्ये रूळ नाहीत. हात लावता येतो?

मी : येतो. कुणी अडवत नाही.

मावशी : मग उद्या तिथे जाऊ, गर्दी नसेल अशा वेळी. मी चष्मा काढून हाताने बघणार. रेघेच्या कडेला बोट अडलं तर हिला शिल्पकार म्हणेन, नाही अडलं तर तुझं-माझं पुन्हा पहिल्यापासून सुरू.